चाळीस सेकंदांचा सुवर्णगणेश : जुन्या कॅसेटमधील चित्र कसे वाचवावे?

१/ दिवेआगर, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड. नोव्हेंबर १९९७ मध्ये येथील एका वाडीत जमीन खणताना तांब्याची पेटी लागली आणि तीतून गणेशाचा सोन्याचा मुखवटा बाहेर आला. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी दोन पहारेकऱ्यांची हत्या करून तो पळवला. पुढे तो वितळवला गेला. #थ्रेड

२/ नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्या मुखवट्याची प्रतिष्ठापना झाली. मूळ मुखवटा मात्र आता केवळ चित्रांत उरला आहे. तो गावात होता ती चौदा वर्षे म्हणजे बहुतांशी घरगुती कॅमकॉर्डरचा काळ. त्यामुळे कोकण सहलीची एखादी विसरलेली कॅसेटही आज इतिहासाचे साधन ठरते.

३/ आमच्या घरी अशी एक हाय-८ कॅसेट आहे. मुखवटा तीत जेमतेम चाळीस सेकंद दिसतो. एका दुकानातून तिची डीव्हीडी करून घेतली होती : रंग ओघळलेले, कडा थरथरत्या, चेहरे रुंदावलेले. कॅसेटच खराब झाली, असे आम्ही धरून चाललो. गेल्या वर्षी ती पुन्हा उतरवली तेव्हा उमगले, की दोष कॅसेटचा नव्हता, उतरवण्याच्या रीतीचा होता.

४/ प्रथम कॅसेट तपासावी. किनाऱ्याच्या दमट हवेत फितीच्या कडेवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट चालवू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि तेथून पुढच्या कॅसेटवर जाते. ती जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

५/ मग केबल. पिवळ्या पिनेच्या केबलमधून प्रकाश आणि रंग यांचे संकेत एकत्र येतात व एकमेकांत मिसळतात. हाय-८ कॅमेऱ्याला एस-व्हिडिओची सोय असते. तीत दोन्ही वेगळे राहतात. रंगांचे ओघळणे येथेच पुष्कळ कमी होते.

६/ कडांची थरथर का? जुनी फीत समगतीने धावत नाही. चित्राची प्रत्येक ओळ किंचित मागेपुढे सुरू होते. टाइम बेस करेक्टर या ओळी पुन्हा एका रेषेत आणतो. काही कॅमेऱ्यांत तो अंगभूतच असतो, मेन्यूत शोधावा.

७/ आपल्याकडील पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे असतात : एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. संगणकावर ती एकत्र जोडली, की हलत्या वस्तूंना कंगव्यासारखे दाते फुटतात. निम्मी टाकून देणे हा उपाय नव्हे. क्यूटीजीएमसीसारख्या साधनाने ५० पूर्ण चित्रे करावीत.

८/ उतरवताना हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ असे काहीही न गाळणारे स्वरूप निवडावे. मिनीडीव्ही कॅसेट मुळातच डिजिटल. ती फायरवायरने जशीच्या तशी घ्यावी. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते.

९/ ४:३ चे चित्र १६:९ मध्ये ताणू नये. मुखवट्याची रुंदी-उंची हाच जेथे पुरावा आहे, तेथे ताणलेले चित्र म्हणजे खोटी साक्ष.

१०/ आणि कृत्रिम बुद्धिमत्ता? ती चित्र लखलखीत करते खरे; पण फितीवर नसलेली नक्षी अंदाजाने भरते. पाहणाऱ्याला मूळ कोणते आणि भर कोणती, हे कळत नाही.

११/ राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून आपल्याकडे अस्सल कागदाचे मोल मानले जाते. तोच नियम येथे लावावा : मूळ उतरवलेली फाइल अस्पर्शित ठेवावी, सुधारणा दुसऱ्या प्रतीवर कराव्यात आणि काय केले ते लिहून ठेवावे.

१२/ वेळ थोडा आहे. व्हीसीआर बनवणारी अखेरची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, २०१६ मध्येच थांबली. फिती टिकतीलही, त्या चालवणारी यंत्रे मात्र संपत आहेत.

१३/ आमच्या चाळीस सेकंदांत आता मुखवट्याच्या कडा स्थिर आहेत. चित्र अजूनही मऊच आहे, पण जेवढे दिसते तेवढे खरे आहे. १९९७ ते २०१२ मध्ये तुमच्या घरचे कोणी दिवेआगरला गेले होते का? या सुट्टीत माळा एकदा पाहा.