धिमुरू : किनारा राखणाऱ्यांची तीन दशके

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, आर्नहेम लँडच्या ईशान्य कोपऱ्यात, योल्ङु या आदिवासी लोकांनी १९९२ साली एक संस्था काढली. पाऊस घेऊन येणाऱ्या पूर्ववाऱ्याचे नाव तिला दिले : धिमुरू. निमित्त रोजच्या त्रासाचे होते. बॉक्साइटच्या खाणीसाठी वसवलेल्या नुलुनबाय गावातली माणसे सुट्टीच्या दिवशी जीपगाड्या काढून किनाऱ्यावर जात, वाळूच्या टेकड्यांवरून गाड्या दामटत, मिळेल तिथे तळ ठोकत. त्याच वाळूत कासवे अंडी घालत होती. योल्ङु कुळांच्या पूर्वजांच्या निर्मितीकथांशी जोडलेली स्थळेही तिथेच होती. कोणाला कुठवर जाऊ द्यायचे हे आता कोणीतरी ठरवायला हवे होते, आणि ते आपणच ठरवायचे, असा या कुळांचा निर्धार होता.

या निर्धारामागे मोठा लढा आहे. १९६३ साली सरकारने याच भागातल्या गोव्ह द्वीपकल्पावरची राखीव जमीन परस्पर खाणीसाठी काढून घेतली, तेव्हा तिथल्या यिरकाला वस्तीतल्या योल्ङु मंडळींनी झाडाच्या सालीवर चित्रे रेखून, त्यांच्यामध्ये आपल्या भाषेतला आणि इंग्रजीतला मजकूर चिकटवून संसदेकडे अर्ज धाडले. खाण थांबली नाही. मग ते खाण काढणाऱ्या नॅबाल्को कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले. १९७१ च्या निकालात न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी योल्ङु समाजाला स्वतःची सुघटित कायदाव्यवस्था असल्याचे मान्य केले, पण जमिनीवरचा हक्क नाकारला. या पराभवातूनच पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि १९७६ चा भूमी हक्क कायदा आला. जमीन परत मिळाली. खाण आणि गाव मात्र भाडेपट्ट्याने तिथेच राहिले.

या लढ्यातले एक अग्रणी रॉय दादायंगा मारिका हे धिमुरूच्या स्थापनेमागची प्रेरणा होते. १९९३ मध्ये ते गेले. त्यांनी आणि इतर ज्येष्ठांनी घालून दिलेली दिशा स्पष्ट होती : सरकारी उद्यान खात्याबरोबर काम करू, शास्त्रज्ञांची मदत घेऊ, पण जमिनीविषयीचा निर्णय फक्त तिचा कायदा आणि तिच्या कथा ज्यांच्याकडे आहेत तेच घेतील. संस्थेची पुढची सगळी वाटचाल या वाक्याच्या आधाराने झाली, असे मला वाटते. पारंपरिक ज्ञान जपण्याच्या नावाखाली ध्वनिफिती भरणारे आणि कोश करणारे प्रकल्प जगात खूप आहेत. त्यांचा उपयोग नाही असे नाही. पण ज्याच्याकडे ज्ञान आहे त्याच्याच हाती निर्णय नसेल, तर ते ज्ञान कपाटात जाते.

सुरुवातीची कामे साधीच होती. कोणत्या जागा पाहुण्यांना खुल्या, कोणत्या बंद, हे त्या त्या जागेच्या मालक कुळाला विचारून ठरले. परवाने सुरू झाले, वाटा आखल्या, कुंपणे घातली. योल्ङु रेंजर नेमले गेले.

कासवांच्या कामाविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. योल्ङु लोक कासव खातात, त्याची अंडीही खातात. कासव कोणी मारायचे, कोणता वाटा कोणाचा, याचे नियम आहेत. ऋतूचे, वाऱ्याचे, फुलोऱ्याचे संकेत पाहून शिकारीची वेळ ठरते. ज्याला खायचे आहे त्यालाच उद्याची चिंता अधिक, हे शहरी निसर्गप्रेमींना पचायला जड जाते. नव्वदच्या दशकात कासवे कमी होतील या काळजीने धिमुरूने डार्विनच्या विद्यापीठातल्या संशोधकांना सोबत घेतले. अंडी घालून परतणाऱ्या हिरव्या कासवांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली. ती कासवे दूरच्या परक्या समुद्रात जाण्याऐवजी कार्पेंटारियाच्या आखातातच वावरत असल्याचे दिसले. म्हणजे आखाताभोवतीच्या लोकांनी आपापसात ठरवले, तर ही कासवे राखता येतात.

संकट मात्र बाहेरूनही येत होते. मासेमारी बोटींनी टाकलेली किंवा सुटून आलेली जाळी आखातात फिरत राहतात आणि केप आर्नहेमच्या, म्हणजे नान्यजाकाच्या, किनाऱ्यावर कासवांसकट येऊन पडतात. १९९६ पासून रेंजर ती कासवे सोडवत आणि नोंदी ठेवत आले आहेत. जाळ्यांत सापडणाऱ्यांत ऑलिव्ह रिडलेही असते. कोकणातल्या वेळासच्या वाळूत अंडी घालते तीच ही जात.

२००० साली या कुळांनी आपल्या जमिनीवर आदिवासी संरक्षित क्षेत्र जाहीर केले. सुमारे १ लाख हेक्टरच्या त्या क्षेत्रात समुद्राचाही भाग होता, आणि समुद्र सामावून घेणारे अशा प्रकारचे ते देशातले पहिले क्षेत्र. योल्ङु विचारात भरतीची रेषा ही हद्द नसते. खाऱ्या पाण्यालाही कुळे, नावे आणि कथा आहेत. कायद्याला हे उमगायला वेळ लागला. दक्षिणेकडच्या ब्लू मड बे परिसरात बेकायदा मासेमारांच्या तळावर मगरीचे तोडलेले शिर सापडले. मगर ही तिथल्या कुळाची पूर्वज. त्या संतापातून ज्येष्ठांनी समुद्राचे कायदे सालीवर चितारले, पुढे खटला उभा राहिला. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने आदिवासी जमिनीवर येणाऱ्या भरतीच्या पाण्यावरही त्यांचाच ताबा मान्य केला. २०१३ मध्ये धिमुरूच्या संरक्षित क्षेत्रात समुद्राचा आणखी मोठा पट्टा आला.

त्याच वर्षी वुर्रवुर्रवुय इथली दगडी चित्रे राष्ट्रीय वारसा यादीत दाखल झाली. सुलावेसीहून समुद्रकाकडी नेण्यासाठी १९०७ पर्यंत येणाऱ्या मकासर व्यापाऱ्यांची गलबते आणि घरे योल्ङु पूर्वजांनी जमिनीवर दगड मांडून रेखली आहेत. त्या दर्यावर्द्यांनी लावलेली चिंचेची झाडे या किनाऱ्यावर अजून उभी आहेत. या जागेची देखभाल धिमुरूच करते. याशिवाय ‘पिवळ्या वेड्या मुंग्या’ नावाच्या जातीच्या उपद्रवाविरुद्ध सीएसआयआरओ या विज्ञान संस्थेबरोबर वर्षानुवर्षे काम चालले आहे; नेटाने एकेक वसाहत शोधून ती नष्ट करावी लागते.

पैशाचा प्रश्न कधी सुटलेला नाही. रेंजरांचे पगार प्रथम रोजगार योजनांच्या तुटपुंज्या रकमेतून निघत. २००७ नंतर केंद्र सरकारच्या कार्यक्रमामुळे पक्क्या नोकऱ्या मिळू लागल्या, तरी मंजुरी काही वर्षांपुरतीच येते. शतकानुशतके चालणाऱ्या कामाला असा तुकड्यातुकड्यांनी पैसा देणे अन्यायाचे आहे.

खाणीजवळचा अॅल्युमिना कारखाना २०१४ मध्ये बंद पडला आणि खाणही आता अखेरच्या टप्प्यात आहे. खणलेल्या जमिनीवर पुन्हा काय लावायचे आणि कंपनी गेल्यावर गावाचे काय करायचे, यावर बोलणी सुरू आहेत. १९६३ साली या लोकांना कोणी विचारले नव्हते. या वेळी अखेरचा शब्द त्यांचाच असला पाहिजे.