हृदयाचे ठोके, कॅलरी आणि आपली भाकरी

हल्ली कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या मनगटावर एक घड्याळ दिसतं. ते वेळेसोबत हृदयाचे ठोके दाखवतं आणि 'आज इतक्या कॅलरी खर्च झाल्या' असंही सांगतं. घड्याळाला हे कसं कळतं? यामागे सव्वादोनशे वर्षांहून जुना इतिहास आहे, आणि तो आपल्या ताटापर्यंत येतो.

चूल पेटायला हवा लागते, तशी शरीरातलं अन्न जळायलाही लागते. फ्रान्समध्ये १७९०च्या सुमारास लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने हे मोजून दाखवलं. माणूस कामाला लागला की तो जास्त प्राणवायू घेतो आणि त्याची नाडीही वाढते. या प्रयोगांची चित्रं त्यांच्या पत्नी मारी-अ‍ॅन यांनी काढली. चित्रात त्या स्वतः टेबलाशी बसून नोंदी लिहिताना दिसतात.

पुढे १९११ मध्ये इंग्लंडच्या डग्लस यांनी पाठीवर बांधायची पिशवी केली. तिच्यात सोडलेला श्वास जमा करून तपासायचा. एक लिटर प्राणवायू वापरला म्हणजे सुमारे पाच कॅलरी खर्च, असा हिशोब. पण अशी पिशवी घेऊन कपाशी कोण वेचणार? म्हणून ठोक्यांवरून अंदाज बांधायची रीत आली. फिनलंडमध्ये १९७७ साली पोलर ही कंपनी निघाली आणि तिने खेळाडूंसाठी छातीच्या पट्ट्यावरून ठोके मोजणारी यंत्रं केली. २००५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी ठोके, वजन आणि वय यांवरून कॅलरी काढण्याचं सूत्र मांडलं. त्यात बाई आणि पुरुष यांचा हिशोब वेगळा आहे.

म्हणजे घड्याळ कॅलरी मोजत नाही, अंदाज करतं. तो अंदाज चुकतोही. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हात, तापात, भीतीने ठोके वाढतात. अंगात रक्त कमी असेल तर तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त धावावं लागतं. तेव्हा मोठा आकडा दिसला म्हणजे चरबी जळाली असं नाही. तो शरीराने दिलेला इशाराही असू शकतो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातली गरिबी मोजली. माणशी रोज २२५० कॅलरी मिळवून देईल एवढा खर्च ज्या घराला जमत नाही, ते घर गरीब. १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या अभ्यासगटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० हा आकडा धरला. सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. एकाच माणसाची गरजही रोज सारखी नसते, मग सगळ्यांना एकच माप कसं लावायचं, हा त्यांचा मुद्दा. दांडेकर आणि सुखात्मे यांचा हा वाद गाजला.

या वादात घराची सरासरी मोजली गेली. पण त्या घरात कोणाच्या ताटात किती पडलं, हे सरासरी सांगत नाही. ते आपल्यालाच बघावं लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे २०२० चे आकडे ऐका. बसून काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी लागतात. जड काम करणाऱ्या बाईला लागतात २७२०. फरक ६१० कॅलरींचा, म्हणजे सुमारे पावणेदोनशे ग्रॅम ज्वारीचं पीठ.

दिवसभर केळीचे घड वाहणारी, पाण्याचे हंडे आणणारी, लाकूडफाटा फोडणारी बाई घरात सगळ्यांच्या मागून जेवते आणि टोपल्यात उरलेली अर्धी भाकरी स्वतःला घेते. विज्ञानाच्या हिशोबाने तिची भूक गादीवर बसून दुकान चालवणाऱ्या माणसापेक्षा मोठी आहे. तेव्हा जास्तीची भाकरी घेताना लाजायचं कारण नाही.

ठोके मोजायला घड्याळ विकत घ्यायचीही गरज नाही. पाच मिनिटं शांत बसा, अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवा आणि मिनिटभर मोजा. ६० ते १०० ठोके साधारण ठीक. बसल्या जागी वारंवार शंभरावर जात असतील, धाप लागत असेल, तर आशाताईंना सांगा आणि आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की एकमेकींची नाडी मोजू या, आणि काल रात्री कोणाच्या ताटात किती होतं तेही विचारू या.