आग गार लागली

मलकापूरला आमचा चांदोबा रेल्वेनं यायचा. स्टेशनवरून आणलेला अंक घरी पोचला की विक्रम-वेताळाच्या पानासाठी ओढाताण व्हायची. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, असा तो शंकर यांनी काढलेला राजा! आज त्याच घरात माझी भाची ‘हॅरी पॉटर आणि परीस’ वाचते. जादू शिकायला निघालेलं पोर विलायतेतच जन्मलं, असं तिला वाटतं.

विलायतेतली वंशावळ खरंच जुनी आहे. दुसऱ्या शतकात लुशियननं ग्रीकमध्ये जादूगाराच्या चेल्याची गोष्ट सांगितली. चेला गुरूचा मंत्र चोरून ऐकतो आणि मुसळाला पाणी भरायला लावतो. थांबवायचं कसं, ते त्याला ठाऊक नसतं. कुऱ्हाडीनं दोन तुकडे केले, तर दोन पाणके झाले! १७९७ साली गटेनं त्यावर कविता केली तेव्हा मुसळाचा झाडू झाला. १८९७ मध्ये द्युकानं त्याला संगीत दिलं आणि १९४० मध्ये डिस्नेच्या पडद्यावर तो झाडू मिकी माउसच्या हाती आला. दोष मात्र दर वेळी चेल्याचाच.

आपली वाट वेगळी. मराठी चांदोबा १९५२ चा. त्याआधी, १८३० साली, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली होती. आणखी मागे गेलं की अकराव्या शतकातला काश्मीरचा सोमदेव भेटतो. आपला ‘कथासरित्सागर’ गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’वरून रचला, असं तो सांगतो. परंपरेनं हा गुणाढ्य सातवाहनाच्या दरबारातला, म्हणजे आपल्या पैठणचा. वेताळकथा मूळ बृहत्कथेत नसाव्यात, असं अनेक अभ्यासक मानतात. तरीही गोदाकाठचं हे नातं मला सोडवत नाही.

सोमदेवाच्या वेताळकथांत चंद्रस्वामी नावाचा जुगारी आहे. हरलेला, मार खाल्लेला. ओसाड देवळात एक पाशुपत तपस्वी विद्येच्या बळावर त्याला रात्रभर राजवाड्याचं सुख देतो. सकाळी काहीच उरत नाही. चंद्रस्वामी ती विद्या मागतो. गुरू आधीच बजावतो, अपात्राला दिली तर देणाऱ्याचीही जाते. तरी शेवटी देतो.

चेला नदीत उभा राहून जप करतो. पाण्यात त्याला दुसरा जन्म दिसतो: आईबाप, लग्न, लेकरं. मग गुरू त्याला त्या मायेतच जागं करतो. आता विद्येसाठी आगीत शिरायचं. भोवती बायको-मुलं रडताहेत. मी गेलो तर ही मरतील, आणि गुरूचा शब्द खरा कशावरून? क्षणभर तो अडखळतो, मग शिरतो. आग बर्फासारखी गार लागते. बाहेर येऊन तो हे सांगतो आणि गुरूचा चेहरा पडतो. आग गार लागली म्हणजे चुकलं. दोघंही विद्येला बोलावतात. ती कोणाकडेच येत नाही.

दोघांचीही विद्या का गेली, असं वेताळ विचारतो. चेल्याचं मन डळमळलं म्हणून त्याची गेली आणि अपात्राला दिली म्हणून गुरूची, असं उत्तर राजा देतो. शिकवणाऱ्यालाही जबाबदार धरणारी ही गोष्ट मला झाडूच्या गोष्टीहून मोठी वाटते.

परवा भाचीला ती सांगितली. गुरूबद्दल तिनं काही विचारलं नाही. तिचा प्रश्न होता, “मामा, पाण्यातली ती लेकरं कुठं गेली?”

सोमदेव त्यांच्याकडे पुन्हा वळत नाही. मराठीत कोणी जादूगाराच्या चेल्याची कादंबरी लिहायला बसलं, तर पहिलं प्रकरण त्या लेकरांचं असावं.