भूमि-उपयोग, नागरी : उपग्रहीय निरीक्षण
शहरांच्या वाढीमुळे जमिनीच्या वापरात होणारे बदल कृत्रिम उपग्रहांच्या प्रतिमांवरून ताडून पाहण्याची पद्धती. अमेरिकेच्या लँडसॅट-१ या उपग्रहापासून (२३ जुलै १९७२) तिला चालना मिळाली. त्याच्या प्रतिमेतील एका बिंदूत सु. ८० मी. लांबीरुंदीची जमीन सामावे. दाट वस्तीतील छपरे, झाडे व रस्ते त्यात एकजीव होत. लँडसॅट-४ ने (१९८२) हे माप ३० मी.वर, तर भारताच्या आयआरएस-१सी ने (१९९५) ५.८ मी.वर आणले. हिरव्या वनस्पती अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करतात. शेताच्या जागी वसाहत उभी राहिली की हे परावर्तन घटते. तथापि पावसाळ्यानंतरची प्रतिमा उन्हाळ्यातील प्रतिमेशी ताडल्यास कोरडे पडीक रानही बांधकाम भासते. म्हणून दोन्ही प्रतिमा एकाच ऋतूतील घेतात. छपराखाली घर आहे की कारखाना, हे मात्र प्रत्यक्ष पाहणीनेच ठरवावे लागते.