सहा घोडे आणि शंभराचे कर्ज

एकाजवळ सहा घोडे आहेत आणि वर तीनशे नाणी रोख. दुसऱ्याजवळ घोडे दहा, पण डोक्यावर शंभर नाण्यांचे कर्ज. घोडे सगळे एकाच किमतीचे आणि दोघांची एकूण मालमत्ता सारखीच. तर एका घोड्याची किंमत किती?

हे उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातले आहे. एका अव्यक्ताची, म्हणजे एका अज्ञात राशीची, समीकरणे जिथे सुरू होतात, तिथेच पहिल्या घासाला त्यांनी ते वाढले आहे. ग्रंथ इ.स. ११५०च्या सुमाराचा. आठवीच्या वर्गात ते मी जसेच्या तसे फळ्यावर लिहीत आले. घोड्याच्या जागी मोटारसायकल घालावी असे मला कधी वाटले नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या मुलांना बैलबाजार ठाऊक असतो, रोख आणि उधारी तर घरातच दिसते. मुले अडतात ती दुसऱ्याच ठिकाणी. ‘कर्ज आहे’ हे कसे लिहायचे, आणि ‘सारखीच’ हा एवढासा शब्द कुठे ठेवायचा?

भास्कराचार्यांनी ते कसे लिहिले ते पाहा. घोड्याची किंमत ‘यावत्‌तावत्‌’, म्हणजे ‘जेवढी असेल तेवढी’, असे धरायचे आणि त्याचे पहिले अक्षर ‘या’ लिहायचे. नुसत्या नाण्यांसाठी ‘रूप’, म्हणून ‘रू’. मग दोघांची मालमत्ता एकाखाली एक अशी मांडायची:

या ६ रू ३००
या १० रू १००

खालच्या शंभरावर एक टिंब द्यायचे, की ते ऋण झाले. बरोबरीचे चिन्ह नाही. दोन ओळी एकाखाली एक आल्या की त्या सारख्या आहेत, हे मांडणीच सांगते. आता एका बाजूचे ‘या’ दुसऱ्या बाजूच्या ‘या’मधून वजा करायचे आणि रूपे उलट बाजूने. चार ‘या’ उरतात आणि चारशे रूपे. घोडा शंभराचा.

हातात नाणी नसून देणे आहे, ही गोष्ट एका टिंबात मावते. ते टिंब मुलांनी आपल्या हाताने दिले की ‘तीनशेतून वजा शंभर वजा केले तर चारशे’ हे त्यांना वेगळे पटवून द्यावे लागत नाही. कर्जदाराची बरोबरी गाठायची तर त्याचे शंभराचे देणेही हिशेबात धरावे लागणार, हे त्यांना आधीच कळलेले असते.

हा प्रश्न भास्कराचार्यांनी नव्याने रचला असे मात्र नाही. आर्यभटांनी इ.स. ४९९मध्ये एका श्लोकात नेमका असाच नियम दिला आहे. दोघांजवळ काही ‘गुलिका’ आणि काही नाणी असतील आणि धन सारखे असेल, तर नाण्यांच्या फरकाला गुलिकांच्या फरकाने भागा. गुलिका म्हणजे गोळी; किंमत माहीत नसलेली वस्तू. इ.स. ६२८मध्ये ब्रह्मगुप्तांनी अव्यक्तांसाठी ‘वर्ण’ वापरले. पहिले अव्यक्त यावत्‌तावत्‌, त्यापुढची रंगांच्या नावांची: कालक, नीलक, पीतक, लोहितक. वहीत त्यांचे होते का, नी, पी, लो. बख्शाली हस्तलिखितात तर माहीत नसलेल्या राशीच्या जागी नुसते शून्याचे टिंब दिलेले दिसते. भास्कराचार्यांपर्यंत हा साडेसहाशे वर्षांचा वारसा आला होता आणि तो त्यांनी कुठे लपवलेला नाही. वर्गसमीकरण सोडवताना श्रीधराचार्यांचे सूत्र त्यांच्याच नावाने दिले आहे.

मला या माणसाविषयी जिव्हाळा वाटतो, त्यामागे आमच्या तालुक्याचाही हात आहे. चाळीसगावच्या नैर्ऋत्येला, सह्याद्रीच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवीला आम्ही दरवर्षी मुलांची सहल नेत असू. या पाटणातल्या एका शिलालेखाकडे १८६५मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांचे लक्ष वेधले. लेख शके ११२८चा, म्हणजे इ.स. १२०७चा. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. त्याने इथे मठ स्थापला, तो आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण मठाला रोजच्या रोज काय मिळायचे तो मजकूर आला की भाषा बदलते आणि मराठी सुरू होते. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर राजाला मिळणारा कर आता मठाला, आणि तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला.

मुलांना हे सांगितले की ती आधी घाण्याचा हिशेब करू लागतात. किती घाणे असतील, दिवसाला किती पळ्या? मला ते आवडते. बाजाराच्या पैशावर बीजगणिताचा अभ्यास चालत होता आणि त्या बीजगणितातली उदाहरणेही बाजारातलीच होती: घोडे, माणके, मोती, व्याज, उसनवारी.

भास्कराचार्य स्वतः पाटणचे होते का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आपले गाव त्यांनी विज्जडविड सांगितले आहे, सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले. जन्म शके १०३६, आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणि’ पुरा केला, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे. विज्जडविड पाटणजवळचे की दूरचे, याने त्या मठाचे मोल कमी होत नाही.

आता मला जे सांगायचे आहे त्याकडे येते. शाब्दिक उदाहरण शिकवताना आपण मुलांना एक वाक्य पाठ करून देतो: ‘जे विचारले आहे ते क्ष मानू.’ हे वाक्य मला खटकते. भास्कराचार्यांचे बीजगणित बारकाईने वाचल्यापासून तर फारच. कारण ते स्वतः कित्येकदा तसे करत नाहीत.

त्यांचेच दुसरे उदाहरण घ्या. एक जण म्हणतो, ‘मित्रा, मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन.’ दुसरा म्हणतो, ‘तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन.’ दोघांजवळ किती होते? आपल्या सवयीने एकाचे धन क्ष, दुसऱ्याचे य, दोन समीकरणे, मग पुढची सगळी ओढाताण. भास्कराचार्य दोघांपैकी कुणाचेच धन ‘या’ मानत नाहीत. शंभर हातात पडल्यानंतरचा क्षण ते पकडतात. त्या क्षणी पहिल्याजवळ दुसऱ्याच्या दुप्पट आहे. म्हणजे दुसऱ्याजवळ ‘या १’, पहिल्याजवळ ‘या २’. आता शंभर परत करा. पहिल्याचे मूळ धन या २ वजा १००, दुसऱ्याचे या १ अधिक १००. पहिली अट मांडणीतच पुरी झाली. उरली दुसरी: पहिल्याने दहा दिले की त्याच्याजवळ या २ वजा ११०, दुसऱ्याजवळ या १ अधिक ११०, आणि हे त्याच्या सहापट. या बरोबर सत्तर. पहिल्याजवळ चाळीस होते, दुसऱ्याजवळ एकशे सत्तर.

हे फळ्यावर करून दाखवले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, ‘बाई, पण सत्तर तर कोणाकडेच नव्हते. मग क्ष कुणाचा?’ प्रश्न अगदी मर्मावरचा होता. सत्तर हे उत्तर नाहीच, ती उभे राहण्याची जागा आहे. देवघेव झाल्यावर दुसऱ्याजवळ जे उरले असते, ते सत्तर. गोष्ट मनात घडवून पाहिल्याशिवाय ही जागा सापडत नाही, आणि एकदा सापडली की दोन अव्यक्तांचे काम एकावर भागते. त्या दिवशी आम्ही शंभर आणि दहाच्या चिठ्ठ्या करून दोन मुलांना उभे केले आणि खरोखर देवघेव केली. मग पुस्तकातली वयांची उदाहरणे काढली. ‘पाच वर्षांनी वडिलांचे वय मुलाच्या तिप्पट’ आले, की मुले आपण होऊन पाच वर्षांनंतरच्या मुलाचे वय क्ष मानू लागली.

भुंग्यांचे उदाहरण त्यांच्याच ‘लीलावती’ ग्रंथामुळे पुष्कळांना माहीत असते. थव्याच्या निम्म्याचे वर्गमूळ मालतीकडे गेले, एकूण थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच. एक भुंगा कमळात अडकून गुणगुणतो आहे आणि भुंगी बाहेरून त्याला साद घालते आहे. थवा किती? हेच उदाहरण बीजगणितात पुन्हा येते आणि तिथे ते थवा मानतात ‘या’च्या वर्गाची दुप्पट. का? निम्मे केले की नुसता वर्ग उरावा आणि त्याचे मूळ निमूटपणे ‘या’ यावे म्हणून. नाहीतर मूळचिन्ह शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. मग नऊने गुणून दोन्ही बाजूंची वजाबाकी केली की दोन वर्ग वजा नऊ या बरोबर अठरा. आठाने गुणा, दोन्हीकडे एक्याऐंशी मिळवा, मुळे घ्या: चार या वजा नऊ बरोबर पंधरा. या सहा, वर्ग छत्तीस, थवा बहात्तर. ‘निम्म्याचे मूळ’ हे शब्द कानावर पडताच थवा कसा मानायचा ते ठरून गेले होते. पुढचे गणित रांगेत उभेच होते.

प्रश्न विचारणाऱ्याच्या या बोलण्याला बीजगणितात ‘आलाप’ म्हणतात. अव्यक्त धरावे, आलापात सांगितले तसे त्यावर एकेक संस्कार करत जावे, दोन बाजू सारख्या करून सोडवावे, नियम एवढाच. पण अव्यक्त काय धरायचे, याचा नियम ते देत नाहीत, कारण तो देता येत नाही. बुद्धी हेच खरे बीज, वर्ण तिचे मदतनीस, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. तीन रत्नांच्या उदाहरणात तर त्यांनी दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी अव्यक्त धरून दाखवले आहे. एकाजवळ पाच माणके, आठ नीळ, सात मोती आणि नव्वद नाणी, दुसऱ्याजवळ सात, नऊ, सहा आणि बासष्ट, धन सारखे. किमती तीन आणि समीकरण एकच. एकदा ते किमती तीन, दोन, एक या प्रमाणात धरतात: माणिक बारा, नीळ आठ, मोती चार. मग नीळ पाचाचा आणि मोती तिनाचा धरतात: माणिक तेराचे. दोन्ही बरोबर. प्रश्नात जे सांगितलेलेच नाही ते ठरवण्याची मोकळीक सोडवणाऱ्याला आहे, हे इतक्या सहजपणे शालेय पुस्तकात मला कुठे दिसले नाही.

त्यांच्यानंतर अकबराच्या सांगण्यावरून फैजीने लीलावतीचे फारसी भाषांतर केले, १५८७मध्ये. बीजगणित फारसीत गेले ते शाहजहानच्या काळात, १६३४मध्ये, अताउल्ला रुश्दी यांच्या हातून. त्या फारसीवरून एडवर्ड स्ट्रेची यांनी १८१३मध्ये इंग्रजी केले आणि चारच वर्षांनी कोलब्रुक यांनी थेट संस्कृतातून. आपल्याकडे मूळच्या विदर्भातल्या घराण्यातले कृष्ण दैवज्ञ यांनी सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला काशीत बीजगणितावर टीका लिहिली आणि प्रत्येक कृतीमागचे कारण दिले. ती टीका पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३०मध्ये छापली. एवढे सगळे हाताशी असताना आमची शाळेतली बीजगणिताची वाट मात्र दुसरीकडून आली. मुंबईत १८२०च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांच्या पुढाकाराने मराठी गणिताची पुस्तके तयार झाली ती इंग्रजी ग्रंथांच्या आधाराने. ती पुस्तके चांगली होती, पिढ्या त्यावर घडल्या, आणि क्षची मांडणी ‘या, का, नी’पेक्षा सुटसुटीत आहे यात शंका नाही. राहून गेले ते अव्यक्त निवडण्याचे शिक्षण.

आणखी एक गोष्ट राहून गेली, ती माकडांच्या उदाहरणात आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला तेवढी माकडे गुहेत शिरली, एक झाडावर दिसते आहे. समीकरणातून दोन उत्तरे येतात, पन्नास आणि पाच. दोन्ही समीकरणात चपखल बसतात. भास्कराचार्य पन्नास घेतात आणि पाच सोडून देतात. पाचाचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन माकडे कशी वजा करणार? ऋण झालेल्या माकडांवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे कारण ते देतात. पण शेजारच्याच उदाहरणात, जिथे कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेली बारा टेकडीवर आहेत, तिथे अठ्ठेचाळीस आणि सोळा ही दोन्ही उत्तरे ते ठेवतात. सोळाचा आठवा हिस्सा दोन, वर्ग चार, आणि बारा टेकडीवर. काहीच बिघडत नाही.

परीक्षेच्या पेपरात ‘पाच हे उत्तर अग्राह्य’ एवढे लिहिले की गुण मिळतात. मी मात्र कारण लिहायला लावत असे, माकडांच्या भाषेत. एका मुलीने लिहिले होते: एकच माकड असताना तिघांना बाजूला काढता येत नाही. तिला मी पूर्ण गुण दिले.