न्यूयॉर्क राज्यातलं बॉम्बे

आपल्याकडे १९९५ साली ‘बॉम्बे’च्या पाट्या बदलून ‘मुंबई’ झाल्या. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीलगत, एक ‘बॉम्बे’ मात्र आजही तसंच आहे. फ्रँकलिन काउंटीत, त्याच नावाच्या टाउनमधली ही वाडीवजा वस्ती. स्वतःची नगरपालिका नाही, महापौर नाही. पलीकडे सेंट रेजिस नदी आणि मोहॉक लोकांचं राखीव क्षेत्र. १७९१ची मॅकोम्ब नावाच्या गृहस्थाची अवाढव्य जमीनखरेदी, मग तुकड्यातुकड्यांनी विक्री, १८३३मध्ये फोर्ट कव्हिंग्टन टाउनपासून फारकत: इतिहास एवढ्यात आटपतो. खरी गंमत नावात आहे.

ते आपल्या मुंबईवरूनच पडलं का, याबद्दल संशयाला जागा आहे. त्याच राज्यात ‘डेल्ही’ही आहे, आणि तिचा दिल्लीशी संबंध थट्टेपुरताच. एबनेझर फूट नावाच्या बड्या न्यायाधीशाला लोक ‘ग्रेट मोगल’ म्हणत, म्हणून हे नाव! डेलावेअरमधलं ‘बॉम्बे हुक’ तर डच भाषेतल्या ‘झाडांच्या टोका’चा अपभ्रंश. मग हेही तसलंच?

नाही. इथे माणूस सापडतो. मायकेल होगन, आयर्लंडच्या क्लेअर परगण्यातला दर्यावर्दी. १७९५ साली आयरिश कैद्यांनी भरलेलं ‘मार्क्विस कॉर्नवॉलिस’ घेऊन तो निघाला, वाटेत शिजलेला बंडाचा कट त्याने निर्दयपणे मोडला आणि १७९६मध्ये सिडनी गाठलं. पुढे न्यूयॉर्कला आला, हडसनकाठी क्लेअरमाँट वाडा बांधला, उत्तरेत जमिनी घेतल्या. बायको फ्रान्सिस रिचर्ड्स, मुंबईची.

दंतकथा तिला हिंदुस्थानची राजकन्या करते, सोबत डोळे दिपवणारा हुंडाही देते. मला हे पटत नाही. मुंबई बेटावर तेव्हा कंपनीचं राज्य. राजाच नाही तिथे राजकन्या कुठली? रिचर्ड्स हे आडनाव एखाद्या साहेबाच्या घराकडे बोट दाखवतं. आई इथली असेलही. आडनावावरून तेवढं ठरत नाही. राजकन्येची कथा, माझ्या मते, अमेरिकेतच रचली गेली. त्या मुलखात ‘इंडियन’ म्हणजे शेजारचा मोहॉक. मालकीणबाई त्यातल्या नव्हेत हे सांगायला ‘पूर्वेची राजकन्या’ किती सोयीचं!

नाव होगनने दिलं असं सांगतात. मला त्यात मुलाचाही हात दिसतो. विल्यम होगन जन्मला केप ऑफ गुड होपला, स्थायिक झाला या मुलखात, आणि १८३१ ते १८३३ अमेरिकी काँग्रेसचा सदस्य होता. टाउन वेगळं झालं ते नेमकं त्याच १८३३मध्ये. बापही त्याच वर्षी वारला. आईचं माहेर टाउनला मिळालं, बापाचं आडनाव शेजारच्या होगन्सबर्गला.