आकाशांतून पडलेल्या वस्तूचा धनी कोण?

इसवी सन २०२२ च्या गुढीपाडव्याची, म्हणजे २ एप्रिलची, संध्याकाळ. पावणेआठचा सुमार असेल. महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतील लोकांनीं आकाशांतून जळते तुकडे ओळीनें धांवत जातांना पाहिले. कोणीं त्यांस उल्का म्हटलें, कोणीं कोसळतें विमान. थोड्याच वेळांत चंद्रपूर जिल्ह्यांत, सिंदेवाही तालुक्यांतील लाडबोरी या खेड्यांत, बैलगाडीच्या चाकाहूनही मोठें असें धातूचें एक तप्त कडें मोकळ्या जागेंत येऊन आदळलें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. पुढें त्या परिसरांत धातूचे गोळेही सांपडले. फेब्रुवारी २०२१ मध्यें चीननें सोडलेल्या एका अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा असावा, असें जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञानें सांगितलें. ‘इस्रो’चे शास्त्रज्ञही येऊन अवशेषांची पाहणी करून गेले.

रानांत पडलेली वस्तु सांपडेल त्याची, ही आपल्याकडील जुनी समजूत. कायदा निराळें सांगतो. १९५७ च्या ऑक्टोबरांत रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोंवतीं फिरूं लागला, आणि अवघ्या दहा वर्षांत, १९६७ सालीं, राष्ट्रांनीं अंतराळाविषयीं करार केला. चंद्रावर वा ग्रहांवर कोणत्याही राष्ट्रास स्वामित्व सांगतां येणार नाहीं, हें त्यांतील प्रसिद्ध कलम. दुसरें एक कलम तितकें प्रसिद्ध नाहीं : अंतराळांत धाडलेली वस्तु पृथ्वीवर परत पडली तरी तिची मालकी बदलत नाहीं. मूळ राष्ट्रानें मागितल्यास ती परत करावी, असें १९६८ च्या करारानें ठरलें. म्हणजे कडें चीनचें ठरल्यास तें मोडींत घालण्याचा अधिकार लाडबोरीस नव्हता.

भरपाईची व्यवस्था १९७२ च्या करारानें केली. जमिनीवर झालेल्या हानीबद्दल, चूक कोणाची हें न पाहतां, वस्तु सोडणाऱ्या राष्ट्रानें भरपाई द्यावयाची. हा नियम कागदावरच राहिला नाहीं. १९७८ च्या जानेवारींत ‘कॉसमॉस ९५४’ हा अणुभट्टी असलेला रशियन उपग्रह कॅनडांत कोसळला. कॅनडानें सुमारें ६० लक्ष डॉलर मागितले, आणि १९८१ सालीं ३० लक्षांवर तडजोड झाली. १९७९ च्या जुलैंत अमेरिकेची ‘स्कायलॅब’ डोक्यावर पडणार म्हणून भारतांत केवढी घबराट उडाली होती, हें वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. ती पडली ऑस्ट्रेलियांत. आणि तेथील एस्पेरन्सच्या स्थानिक मंडळानें कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेस ४०० डॉलर दंड ठोठावला!

आतां असेंच एखादें कडें सोलापूर जिल्ह्यांत, टेंभुर्णीच्या शिवारांत पडलें, असें धरून चालूं. पुणें-सोलापूर रस्त्यावरील हें माढा तालुक्यांतील गांव; भोंवतीं उसाचे फड. तप्त धातूनें फड पेटला, तर शेतकऱ्यानें दाद कोठें मागावी? कडें परकीय असेल तर वाट आहे, परंतु ती दिल्लीवरून जाते. १९७२ च्या करारान्वयें मागणी सरकारनें सरकारकडे, एका वर्षाचे आंत, करावयाची असते. कडें आपल्याच देशाच्या अग्निबाणाचें असेल तर मात्र तो करार त्यास मुळींच लागू होत नाहीं. स्वतःच्या नागरिकांची सोय प्रत्येक राष्ट्रानें आपापल्या कायद्यानें पाहावी, अशी ही योजना. परक्याच्या तुकड्यापासून ज्यास संरक्षण आहे, त्यास घरच्या तुकड्यापासून तें त्या करारांत नाहीं, हा प्रकार विचित्र खरा.

हा प्रश्न केवळ तर्काचा नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्यें ‘विक्रम-एस’ हा खासगी कंपनीचा पहिला भारतीय अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला; आणि खासगी कंपनीच्या कृत्यासही जगापुढें तिचें सरकारच जबाबदार, असें १९६७ चा करार सांगतो. सरकारनें २०१७ सालीं अंतराळ-विधेयकाचा मसुदा लोकांपुढें ठेवला, २०२३ च्या एप्रिलमध्यें धोरणही जाहीर केलें. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. तें दाखवून जळालेल्या फडाची किंमत वसूल होत नाहीं.

त्याच २०२३ च्या जुलैंत ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, जुरियन बेजवळ, माणसाहून उंच असें धातूचें एक पिंप सांपडलें. तें बहुधा भारताच्या ‘पी.एस.एल.व्ही.’ अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचें असावें, असा निर्वाळा तेथील अंतराळ-संस्थेनें महिनाअखेर दिला. पंधरा महिन्यांपूर्वीं लाडबोरीनें जो प्रश्न चीनला विचारावयाचा, तो आतां भारतालाच विचारला जात होता.